दहावी-बारावीच्या मुलांचा मार्गदर्शक होताना: ठाणे-नवी मुंबईतल्या स्वयंसेवकांसाठी, पायरीपायरीने

‘मला मुलांना शिकवायला आवडेल, पण बारावीचं गणित आता कुठे आठवतंय?’ ठाण्यात, ऐरोलीत, वाशीत चांगल्या नोकरीत असलेली आणि मनापासून काही करू इच्छिणारी माणसं हमखास इथेच अडतात. त्यांना आधीच सांगून टाकते, गणित आठवत नसलं तरी चालेल. दिघा, तुर्भे स्टोअर्स, किसननगर, कळवा, मुंब्रा इथल्या पालिका शाळांतून आणि छोट्या खासगी शाळांतून चांगल्या गुणांनी पास झालेली मुलं पुढे अडकतात ती भलत्याच ठिकाणी. नॉन-क्रीमीलेअरचा, म्हणजे मागास प्रवर्गातलं कुटुंब उत्पन्नमर्यादेच्या आत असल्याचा, दाखला वेळेत हातात आला नाही. सायबर कॅफेवाल्याने फॉर्ममध्ये स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. न परवडणारं कॉलेज पसंतीक्रमात पहिलं लिहिलं आणि नेमकं तेच लागलं. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण बँकेचं खातं आधारशी जोडलेलं नव्हतं.

ज्या घरात कोणी कॉलेजला गेलेलं असतं, तिथे या गोष्टी मुलांना जेवता जेवता कळतात. बाकीच्या घरांना असं माणूस बाहेरून मिळावं लागतं. ते माणूस व्हायचं तर काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी स्वतःचं ठरवा

आठवड्याला दोन तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी आणि निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष. एवढं जमणार नसेल तर सुरुवातच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चार रविवार येऊन पाचव्या रविवारी न आलेले ताई-दादा या मुलांनी आधीच पाहिलेले असतात. आणखी एक असा अनुभव त्यांच्या वाट्याला यायला नको. ऑफिसचा फिरतीचा काळ असेल तर जोडीला एक मित्र किंवा मैत्रीण घ्या. एक गावाला गेला तरी दुसरा हजर राहील.

सुरुवात जूनमध्येच करावी. दिवाळीनंतर आलेला स्वयंसेवक पेपर सोडवून घेऊ शकतो, पण जातीच्या दाखल्याची पडताळणी त्या वेळात पदरात पडत नाही.

पहिल्या वर्षी दोन मुलं पुरेत. चाराच्या वर जाऊ नका. कामं तीन प्रकारची असतात: विषय शिकवणं, मुलाच्या पाठीशी राहून निर्णयांत मदत करणं, आणि कागदपत्रं-फॉर्म सांभाळणं. तिन्ही एकट्याने करण्याचा अट्टहास नको. फिजिक्स येत नसेल तर ते येणारं कोणीतरी तुमच्याच इमारतीत असतं. मुलाची तारीख चुकू न देणारा माणूस मात्र शोधूनही सापडत नाही, तो तुम्ही व्हा.

मुलं कुठे भेटतील

ठाण्यात समता विचार प्रसारक संस्था वस्त्यांमधल्या मुलांसोबत गेली कित्येक वर्षं काम करते आहे. प्रतिकूल परिस्थितीत दहावी झालेल्या मुलांचा ती एकलव्य पुरस्काराने गौरव करते. सेवा सहयोग संस्थेच्या अभ्यासिका चालतात. मासूम ही संस्था रात्रशाळांसाठी काम करते. इंजिनिअरिंगसारख्या शाखांत शिकणाऱ्या, बेताच्या परिस्थितीतल्या मुलींसाठी कॅटलिस्ट आहे आणि फोनवरून मार्गदर्शन करायचं असेल तर मेंटॉर टुगेदर आहे. पहिलं वर्ष एखाद्या संस्थेसोबत काढलेलं बरं. पालकांशी ओळख, बसायला जागा, अडीअडचणीला अनुभवी माणूस हे सगळं तयार मिळतं.

संस्था नको असेल तर पालिकेच्या माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. काय करणार, कोणत्या वारी, किती वेळ हे एका पानावर लिहून न्या. शाळेला तोंडी उत्साहापेक्षा असं पत्र उपयोगी पडतं.

तिसरा मार्ग आपल्याच सोसायटीतला. घरकामाच्या ताई, वॉचमन, इस्त्रीवाले यांची मुलं दहावी-बारावीला असतात. इथे एक पथ्य फार काटेकोर पाळा. मुलाच्या अभ्यासाचा विषय आईच्या कामाशी, सुट्टीशी, पगाराशी कधीही जोडायचा नाही. ‘तुमच्या मुलीला शिकवते ना, मग रविवारीही या’ असं वाक्य एकदा तोंडून गेलं की त्या मुलीचं येणं मनातून तरी थांबतंच.

मुलं अठराच्या आतली असतात, म्हणून सुरक्षेचे नियम पहिल्या दिवसापासून. संस्थेने मागितलं नाही तरी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून ठेवा. भेटायची जागा चारचौघांतली असावी: शाळेचा वर्ग, समाजमंदिर, वाचनालय. एकट्या मुलाला किंवा मुलीला बंद घरात शिकवू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये पालकाचा नंबर असलाच पाहिजे. रात्री उशिरा खासगी गप्पा नकोत आणि मुलांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे. अशा वेळी ‘घरच्यांशी बोलून बघू’ म्हणत थांबायचं नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

पहिल्या दोन भेटी

पहिली भेट मुलाच्या घरी, आई-वडिलांच्या सवडीने. ‘पुढे काय व्हायचंय?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारूच नका. मुलं पाहुण्यांना आवडेल ते उत्तर देतात. त्याऐवजी कालचा दिवस विचारा, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत.

तुर्भे स्टोअर्सजवळच्या वस्तीतल्या एका बारावी कॉमर्सच्या मुलीने तिचा दिवस सांगितला तो असा. पहाटे साडेपाचला पाणी येतं, ते भरायचं काम तिचं. मग धाकट्या भावाची शाळा. दुपारी कॉलेज. आई चार घरची कामं आटोपून रात्री आठला येते, तोवर भात-भाजी तिने करून ठेवायची. अभ्यासाला वेळ रात्री दहानंतर, पण तेव्हा वडील झोपलेले आणि खोली एकच, त्यामुळे दिवा बंद. तिला ‘रोज चार तास अभ्यास कर’ सांगून काय उपयोग? तिच्याबरोबर बसून दिवस पुन्हा तपासला, तेव्हा कॉलेज सुटल्यावर मैत्रिणींसाठी थांबण्यात जाणारा पाऊण तास सापडला. तो कॉलेजच्या लायब्ररीत घालवायचा ठरलं. अकाउंट्सचं रोज एकच गणित, पण पूर्ण सोडवलेलं. सहामाहीत नापास झालेला तो विषय प्रिलिमला सुटला.

दुसऱ्या भेटीत एका पानावर पुढची माहिती उतरवून घ्या: शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जसंच्या तसं, आधारवरचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, वडिलांचं मूळ गाव-तालुका-जिल्हा, घरात आधीच असलेले दाखले, मोबाइल कोणाच्या नावावर आहे, ईमेल आहे का. कंटाळवाणं वाटेल, पण वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा उघडलं जाणारं पान हेच असतं. नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा वडिलांच्या नावात फरक दिसला तर तो जूनमध्येच दुरुस्तीला टाका.

आईशी बोलताना आदर आणि नेमकेपणा दोन्ही हवेत. ‘ताई, दर शनिवारी चार ते सहा ती माझ्याबरोबर शाळेच्या वर्गात असेल. सहाला सुटली की मी तुम्हाला मेसेज करेन.’ एवढं बोलणं कोणत्याही भाषणापेक्षा विश्वास देणारं असतं.

शिकवायचं ते कसं

पालिका शाळेतली बरीच मुलं मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून येतात. अकरावी सायन्स-कॉमर्सला एकदम सगळं इंग्रजी होतं. पहिले तीन महिने वर्गात काय चाललंय तेच कळत नाही आणि मूल समजून बसतं की आपण ढ आहोत. यावर एक साधी वही पुरते. डाव्या बाजूला दहावीत शिकलेला शब्द: त्वरण, संवेग, वर्गसमीकरण, ताळेबंद. उजव्या बाजूला कॉलेजात कानावर पडणारा: अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, क्वाड्रॅटिक इक्वेशन, बॅलन्स शीट. रोज पाच शब्द. कल्पना आधी मराठीत समजू द्या, मग तेच उत्तर इंग्रजीत लिहून घ्या. दिवाळीपर्यंत मूल वर्गात मान वर करून बसायला लागतं.

सगळा अभ्यासक्रम पुन्हा शिकवायच्या फंदात पडू नका, तो वर्गाचा भाग आहे. मुलाला नेमकं कुठे अडतं तो धडा धरा. बरेचदा अडचण बारावीच्या धड्यात नसतेच, ती अपूर्णांकात किंवा आठवीच्या समीकरणांत असते. तिथपर्यंत मागे जायची लाज वाटू देऊ नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून, हाताने, पूर्ण लिहून सोडवून घ्या. वाचून अभ्यास झाला असं वाटणाऱ्या मुलाचा पेपर अर्धाच होतो, हे डिसेंबरात कळलेलं चांगलं.

इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांसाठी एमएचटी-सीईटीचं, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचं, गणित वेगळं. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाला १५० प्रश्न, तीन तास, २०० गुण. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रश्नाला एक गुण, मॅथ्सच्या प्रश्नाला दोन. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. हे मुलाच्या डोक्यात पक्कं बसू द्या. अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के वजन असतं, बाकी बारावीचं. परीक्षा संगणकावर असते आणि आपली मुलं मोबाइलवर वाढलेली. कित्येकांनी माउस हातात धरलेला नसतो. परीक्षेआधी दोन-तीन वेळा तरी तुमच्या लॅपटॉपला माउस जोडून सराव पेपर द्यायला बसवा. सीईटीच्या नादात बोर्ड विसरू नये. बारावीला पीसीएममध्ये मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. ते नसतील तर सीईटीचे पर्सेंटाइल घेऊन काही करता येत नाही.

कागदपत्रं: खरी धावाधाव इथे

हा भाग नीट वाचा. वर्षभराचे कष्ट वाया जातात ते इथेच.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करता येतो. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून १ एप्रिल उलटला की नव्याने अर्ज करा. मे महिन्यात निकालानंतर गेलात तर रांग आहेच. रिक्षा चालवणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या पालकांकडे पगाराची स्लिप नसते. तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल किंवा स्वयंघोषणापत्र लागतं. रेशनकार्ड, वीजबिल, आधार हे सगळं एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे, त्यामुळे प्रत्येक दाखल्याला ठरलेली मुदत आहे. अर्जाची पावती जपून ठेवली तर पाठपुरावा करता येतो.

ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलांना नॉन-क्रीमीलेअर लागतं आणि ते प्रवेशाच्या वर्षी चालू असावं लागतं. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला दरवर्षी नवा. आणि एक बारकावा. राज्याच्या प्रवेशासाठी राज्याच्या नमुन्यातला दाखला, नीट किंवा जेईईच्या देशपातळीवरच्या जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातला. दोन्ही नमुने वेगळे आहेत. अर्ज करतानाच विचारून घ्या.

आता सगळ्यात अवघड, जातीचा दाखला आणि त्याची वैधता, म्हणजे तो दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. आपल्याकडची निम्म्याहून अधिक घरं सातारा, सोलापूर, बीड, जालना, बुलढाणा असं कुठून कुठून आलेली दिसतात. जातीचा दाखला सर्वसाधारणपणे पूर्वज ज्या जिल्ह्यात ठरावीक तारखेला राहत होते तिथून मिळतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी-एसबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या त्या तारखा. म्हणजे मुलीचा जन्म कळव्याचा असला तरी पुरावा आजोबांच्या गावचा. आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, जुना सातबारा-फेरफार, असं काही तरी शोधावं लागतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांच्या भावाचं नाव गावच्या शाळेच्या रजिस्टरात आहे का ते बघायचं. गणपतीला किंवा दिवाळीला घरचे गावी जातात, त्यांना काय काय आणायचं याची चिठ्ठी लिहून द्या आणि वंशावळ त्याआधी घरी बसून काढून घ्या. ‘जुनं काहीतरी घेऊन या’ म्हटलं तर लोक रिकाम्या हाताने परत येतात. नेमकं नाव, नेमकी शाळा, अंदाजे साल लिहून दिलं तर कागद मिळतो.

राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो. अनुसूचित जमातीची समिती वेगळी असते. कुटुंबात वडिलांकडून कोणाची वैधता आधीच झालेली असेल तर काम पुष्कळ सोपं होतं, म्हणून काका-आत्याकडे चौकशी करा. प्रमाणपत्र सादर करायला काही वर्षी शासन मुदत वाढवून देतं. त्या भरवशावर मुलाला ठेवू नका.

प्रत्येक कागदाचा स्कॅन डिजिलॉकरमध्ये किंवा मुलाच्या ईमेलवर ठेवा. मूळ कागद एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये, आईच्या ताब्यात. आपल्या घरी नाही.

फॉर्म आणि पसंतीक्रम

सुरुवातीलाच मुलाच्या नावाचा ईमेल काढा आणि वर्षभर बदलणार नाही असा मोबाइल नंबर ठरवा. रिचार्ज संपला म्हणून दुसरं सिम घेण्याची पद्धत घराघरांत आहे. जुना नंबर बंद झाला की ओटीपी येत नाही आणि फॉर्म उघडत नाही. लॉगिन आणि पासवर्ड एका वहीत. फॉर्म सायबर कॅफेत भरावा लागला तरी नंबर आणि ईमेल स्वतःचाच, हे मुलाला बजावून पाठवा. शक्यतो तुमच्या लॅपटॉपवर, मुलाच्या हाताने भरून घ्या. तुम्ही शेजारी बसा, कीबोर्ड त्याच्याकडे.

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले, त्याआधी मुंबई महानगरासारख्या मोजक्याच भागांत तसे होते. दहा पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर असंच कॉलेज लिहा जिथे लागलं तर मूल उद्या सकाळी जाऊ शकेल. नाव मोठं म्हणून नाही. मागच्या वर्षीची कट-ऑफ बघून दोन-तीन थोडी वरची, चार-पाच आवाक्यातली आणि शेवटी दोन खात्रीची अशी यादी करा.

कॉलेज निवडताना तीन गोष्टी मी नेहमी बघायला लावते. पहिली, तुकडी अनुदानित आहे, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित. एकाच कॉलेजात अशा वेगवेगळ्या तुकड्या असतात आणि फीमध्ये कित्येक पटींचा फरक पडतो. दुसरी, प्रवास. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून तिथल्या मुलांना ट्रान्सहार्बर लोकलने वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय किंवा दुसऱ्या टोकाला ठाण्याचं जोशी-बेडेकर, बांदोडकर गाडी न बदलता गाठता येतं. मुलुंडच्या वझे-केळकरला ठाण्यात गाडी बदलावी लागते, तेही ऐन गर्दीत. जमेल का, हे एकदा सकाळच्या वेळी प्रत्यक्ष मुलाला जाऊन बघायला सांगा. पाससाठी कॉलेजकडून कन्सेशन फॉर्म मिळतो. तिसरी, कॉलेज खरंच भरतं का. बाहेरच्या क्लासशी संगनमत करून हजेरी फक्त कागदावर लावणारी कनिष्ठ महाविद्यालयं आहेत. क्लासची लाखभर फी परवडत नसलेल्या मुलाला अशा ठिकाणी काहीच मिळत नाही. आजी विद्यार्थ्यांना गेटवर विचारलं की पाच मिनिटांत खरं कळतं.

शाखा निवडताना गणित सोडण्याचा निर्णय घाईने होऊ देऊ नका. अकरावीला गणित सोडलं की इंजिनिअरिंगचा रस्ता बंद होतो आणि संगणकाचे बरेच अभ्यासक्रमही गणित मागतात. दहावीनंतर लगेच हाताशी काही हवं असलेल्या मुलाला पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा सुचवा, पुढे थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. वागळे इस्टेटची आयटीआयही आहे. आयटीआयला कमी लेखणारा मार्गदर्शक मुलाचं नुकसान करतो.

बारावीनंतर तर फॉर्म वेगवेगळ्या दिशांना जातात. ठाणे आणि रायगड दोन्ही मुंबई विद्यापीठात येतात, त्यामुळे बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी आणि मग प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. फक्त विद्यापीठाचा फॉर्म भरून घरी वाट बघत बसलेली मुलं दरवर्षी भेटतात. बीबीए, बीसीए, बीएमएससारख्या अभ्यासक्रमांना २०२४ पासून सीईटी आहे आणि तिच्या अर्जाची मुदत बहुधा बारावीच्या निकालाआधीच निघून जाते. इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांमध्ये कोणत्या फेरीत कोणती पसंती लागली की ती आपोआप पक्की होते, हे नियम बदलत असतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाबरोबर बसून, पेन्सिलीने खुणा करत वाचा. ऐकीव माहितीवर किंवा ‘अ‍ॅडमिशन करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटावर एक रुपयाही नको.

नोकरी करावीच लागणार असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे. शिक्षण सोडण्यापेक्षा तो रस्ता शंभर पटींनी चांगला.

पैशाचं बोलणं लवकर

फीचा विषय प्रवेशाच्या दिवशी काढला तर घर गडबडून जातं. मार्चमध्येच कागदावर मांडा: फी, प्रवास, पुस्तकं, डबा. मग महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर मुलाला कोणती योजना लागू होते ते बघा. अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. खुल्या वर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा आठ लाख. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी सोय झाली. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. प्रवेशाच्या घाईत कोणी ‘इथे लगेच सही करा’ म्हणालं तर आधी हे विचारायला मुलीला शिकवून ठेवा.

शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. शाळेत असताना काढलेलं खातं बहुधा निष्क्रिय झालेलं असतं. बँकेत जाऊन ते चालू करून आधार जोडणी करून घ्या. हे काम मुलालाच करू द्या. बँकेत काउंटरवर बोलायची सवय त्याला पुढे लागणारच आहे.

स्वतःच्या खिशातून फी भरण्याचा मोह होतो. मी तो टाळायला सांगते, निदान एकट्याने तरी. देणारा-घेणारा असं नातं झालं की मूल तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, आणि मार्गदर्शकाला नाही म्हणता आलं पाहिजे. मदत करायचीच असेल तर संस्थेमार्फत करा.

निकाल आणि घरची बोलणी

निकालाच्या दिवशी दुपारी एकला तुम्ही फोनवर उपलब्ध असलंच पाहिजे. सुट्टी टाकायची तर याच दिवशी टाका. अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले तर पहिल्या तासात पुढच्या पर्यायांची यादी वाचू नका. आधी मूल जेवलंय का विचारा, घरी कोण आहे ते विचारा, संध्याकाळी जाऊन भेटा. मूल फारच खचलेलं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच्या आणि आईच्या फोनमध्ये आधीच असू द्या. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीत बसता येतं आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास होते. त्याचा फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत भरायचा असतो, तेवढी तारीख मात्र लगेच बघा.

घरात मोठी बोलणी दोन विषयांवर होतात: मुलाने कमवायला लागावं आणि मुलीचं लग्न. पालकांना मागासलेले समजून उपदेश करू नका. पोराच्या पंधरा हजारांनी घरभाडं निघणार असतं, ते त्यांचं गणित खोटं नसतं. ‘दादा, सकाळचं कॉलेज घेतलं तर दुपारनंतर तो काम करू शकेल. तीन वर्षांनी त्याला कुठे लागता येईल ते आपण दोघं मिळून बघू,’ असं हातात धरण्याजोगं काहीतरी पुढे ठेवावं लागतं. शक्य झाल्यास त्याच वस्तीतली, कॉलेज पूर्ण करून नोकरीला लागलेली एखादी ताई बरोबर न्या. तिचं म्हणणं आई तुमच्यापेक्षा लक्ष देऊन ऐकते. अठराच्या आत मुलीचं लग्न ठरतंय असं कळलं तर तो कायद्याने गुन्हा आहे, १०९८ ला कळवा.

कॉलेज सुरू झाल्यावर

प्रवेश झाला की स्वयंसेवक निरोप घेतात. निदान पहिलं सत्र संपेपर्यंत थांबा. ऑगस्ट-सप्टेंबरात मुलं गप्प गप्प होतात. कपडे, इंग्रजी, कँटीनचे पैसे यांनी दबून जातात आणि लेक्चरला दांडी मारायला लागतात. ७५ टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसायची पंचाईत होते. पंधरा दिवसांतून एक फोन पुरतो, पण ‘कसं चाललंय?’ विचारू नका, उत्तर ‘छान’ एवढंच येतं. ‘काल कोणती लेक्चर्स झाली? शेजारी कोण बसतं?’ असं विचारा. एनएसएस, लायब्ररी, एखादा क्लब, यापैकी एका ठिकाणी तरी नाव नोंदवायला लावा. ओळखी तिथेच होतात.

पासवर्डची वही आता पूर्णपणे त्याच्या हवाली करा. पुढच्या जून-जुलैत नव्या मुलांचे फॉर्म भरताना त्याला एक दुपार बोलवा. ओटीपी कुठे अडकतो आणि कोणता कागद स्कॅनला लहान करावा लागतो, हे ताजं त्यालाच आठवत असतं. आणि महाडीबीटीवर दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणाचा अर्ज त्याने भरला का, एवढं विचारून ठेवा. पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.